कोपऱ्यातली ताटली

माझी मावशी पुस्तकं बांधते. फाटलेली, उसवलेली, पानं गळालेली पुस्तकं लोक तिच्याकडे आणून टाकतात आणि ती त्यांना पुन्हा माणसात आणते. खाली रस्त्याला लागून दुकान, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. काका, म्हणजे तिचा नवरा, कागद कापतात आणि मतं देतात. पहिलं काम सकाळीच उरकतं, दुसरं दिवसभर चालतं.

बांधणीचा सगळा जीव खळीत असतो. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर घोटायचा आणि दाट होत आला की त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं. मोरचूद म्हणजे निळं विष. ते नसेल तर पुस्तकांना कसर लागते. कसर म्हणजे ते चंदेरी, शेपटीकडे निमुळते होत गेलेले, हात लावायच्या आत निसटणारे किडे. कागद ते तोंडी लावण्यापुरता खातात, खरा जीव कागदामागच्या खळीवर. पुठ्ठ्याला आणखी सरस लागतो, तो जनावरांच्या कातड्यापासून करतात. मैदा, मोरचूद आणि सरस यांतच मावशीचा जन्म गेला. लहानपणी ती मला भरवायची तेव्हा भाताला पुस्तकाची चव यायची. एवढी पुस्तकं पोटात जाऊनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, असं काका येईल त्या पाहुण्याला सांगत.

मग मावशीचं पोट बिघडलं. खाल्लेलं अंगी लागेना, हातांना भेगा पडल्या, बाई वाळून काडी झाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि चोर पकडला: गहू. गव्हातलं ग्लूटेन तिला सोसत नव्हतं.

"गहू पोटात नको आणि नाकातोंडात त्याची धूळही नको," डॉक्टर म्हणाले. "ते मैद्याचं दुकान बंद करा."

"पुस्तकांचं दुकान आहे," काका म्हणाले.

"माझ्या लेखी एकच."

घरी आल्यावर मावशी कितीतरी वेळ खाली दुकानात, तिच्या बांधणीच्या पाटाशी बसून राहिली. आम्हाला कळलं. शरीर ठेवायचं तर पाट सोडायचा आणि पाट ठेवायचा तर शरीर. पाटाशिवाय मावशी म्हणजे काय, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं.

त्याच सुमारास ती मागच्या गल्लीतल्या एका वर्गाला जायला लागली. तिथल्या बाई योगासनं आणि स्वयंपाक एकत्र शिकवायच्या. गहू तर नाहीच, पण दूध, अंडं, मध, ज्याच्यासाठी कोणाला दुखवावं लागतं ते काहीच नाही. इंग्रजीत त्याला व्हीगन म्हणतात, काका त्याला 'वनवास' म्हणत. स्वयंपाक गप्प राहून करायचा. मनात राग असेल तर आधी तो जाऊ द्यायचा, मग चूल पेटवायची. आणि करताना चव बघायची नाही, कारण चव घेतली की मन जिभेवर येऊन बसतं.

"मग मिठाचं कसं कळायचं?" काकांनी विचारलं.

"गप्प राहिलं की कळतं."

"म्हणजे मला जन्मात कळायचं नाही."

आम्ही हसलो, पण मावशी बरी होत गेली, हे कबूल केलं पाहिजे. ज्वारीच्या पिठाचे पाव, नारळाच्या दुधातल्या भाज्या, कसलीकसली कडधान्यं. हातांच्या भेगा भरल्या. चेहऱ्यावर एक निवांतपणा आला, जो आमच्या घराण्यात यापूर्वी फक्त झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसला होता.

पाटाचा प्रश्नही स्वयंपाकघरातच सुटला. वर्गातल्या बाईंनी शिकवलं होतं की केकमध्ये अंडं घालायचं नसेल तर भिजवलेलं जवस घालावं, ते चिकट होतं आणि सगळं धरून ठेवतं. मावशीने ते ऐकलं, घरी आली आणि तांदळाचं पीठ शिजवून त्यात जवसाचं पाणी ओतलं. खळ झाली. दोन कागद लावून पाहिले, ते फाटले पण सुटले नाहीत. तिने त्या दिवशी नियम केला: जे माझ्या पोटात जाणार नाही ते खळीत जाणार नाही. मैदा गेला, सरस गेला. आणि मोरचूदही गेलं, कारण ते कशासाठी असतं हे तिला माहीत होतं.

"आणि कसर?" काका म्हणाले. "ती काय उपास करणार आहे?"

हाच प्रश्न ग्रंथपालांनी विचारला. मावशीचं निम्मं काम त्यांच्या ग्रंथालयाचं. बिनविषारी खळ ऐकूनच ते मागे सरकले. शेवटी म्हणाले, "एक गठ्ठा देतो. दमट दिवस संपेपर्यंत तो तुमच्याच दुकानात राहू दे. कसर लागली नाही तर यापुढचं सगळं काम तुमचं. लागली तर मी मशीनवाल्याकडे जातो, मग राग मानू नका."

मावशीने गठ्ठा बांधला. आणि त्याच संध्याकाळी तिने स्वतःच्या पानातलं थोडं जेवण काढलं, एका छोट्या ताटलीत घातलं आणि ताटली दुकानाच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून ठेवली.

"हे कोणासाठी?"

"त्यांनाही पोट आहे," ती म्हणाली. "पोटभर जेवलेला दुसऱ्याच्या ताटात बघत नाही."

मी नोकरीनिमित्त जवळच्याच गावात राहतो, सुट्टीला मावशीकडे जातो. काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी खूप हसलो. मग सुट्टीत गेलो आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

दिवेलागणीला मावशीने ताटली ठेवली आणि तिथेच खाली, पाटाशी, आपलं ताट घेऊन बसली. आता ती रोज तिथेच जेवायची. सुरुवातीला काहीच नव्हतं. मग भिंतीच्या तळाशी एक चंदेरी रेघ दिसली. मला वाटलं पाणी झिरपतंय. रेघ पुढे आली, फुटली आणि ताटलीभोवती गोल झाली. शेकडो असतील. एकही किडा ताटलीवर चढला नाही. मावशीने पहिला घास तोंडात घातला, तेव्हा ते चढले.

ती सावकाश चावायची, वर्गात शिकवल्याप्रमाणे. घास संपला की थोडी थांबायची. मी हे सांगताना हसू नका: ती थांबली की तेही थांबत. खोलीत कागद चाळल्यासारखी बारीक सळसळ होत होती, तीही थांबे. मग पुढचा घास, आणि पुन्हा सळसळ. शेजारी ग्रंथालयाचा गठ्ठा उघडा पडला होता. त्याच्याकडे एकही फिरकला नाही.

"आज मीठ जास्त झालं म्हणतात," मावशी मध्येच म्हणाली.

"कोण म्हणतात?" काकांनी विचारलं.

"राहू द्या."

मी चव घेतली. झालं होतं.

मी काकांकडे पाहिलं. ते जिन्याच्या वरच्या टोकाला उभे होते. त्यांचा चहा, त्यांची बिस्किटं, त्यांचा खरा गव्हाचा पाव, सगळं वर होतं. "शिस्त बघितलीस?" ते कुजबुजले. "मी इतकी वर्षं इथे जेवतोय, मला कधी असं वाढलं नाही." विनोद बरा होता, पण त्यांनी खाली पाऊल टाकलं नाही.

पुढच्या महिन्यात वर्गाचं शिबिर निघालं, कुठेतरी लांब, मौनाचं. मावशीने जाण्याआधी काकांना बसवून समजावलं. ताटलीसाठी तांदळाचं पीठ कसं शिजवायचं, किती, ताटली कुठे ठेवायची. "काही झालं तरी गहू नको," ती म्हणाली. "आणि ठेवून पळू नका. थोडं बसा त्यांच्याजवळ."

"बसतो, गप्पाही मारतो," काका म्हणाले.

शिबिर संपायच्या आधीच त्यांचा मला फोन आला. "जरा येऊन जा."

"काय झालं?"

"येऊन जा म्हटलं ना."

काकांनी दोन वाक्यांत फोन ठेवला, असं कधी झालं नव्हतं. मिळाली ती बस पकडली.

दुकानाचं दार उघडलं तर आत काहीच मोडलं नव्हतं. फक्त सगळं सुटलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर त्याच्या पुठ्ठ्यापासून वेगळं होऊन खाली पडलं होतं. पाकिटं उघडली होती, डब्यांवरची लेबलं खाली गळाली होती, सगळी सरळ, जणू कोणी बोटाने हळूच सोलली असावीत. लोकांनी न्यायची राहिलेली जुनी पुस्तकं आपापल्या पुठ्ठ्यांतून निघून शेजारी झोपली होती. वर काकांच्या खळ दिलेल्या सदऱ्यांच्या कॉलर जाळीदार झाल्या होत्या. त्यांच्या लग्नाच्या अल्बममधले सगळे फोटो जमिनीवर होते, पालथे, एका ओळीत. कागदाचा एक तुकडा कुरतडलेला नव्हता. फक्त मागची मैद्याची खळ खाल्ली होती, स्वच्छ. ग्रंथालयाचा गठ्ठा जसाच्या तसा.

आणि कोपऱ्यात ताटलीभोवती ती सगळी कसर. गोल करून, तोंडं ताटलीकडे. मला वाटलं वाट बघतायत. मी वाकून फुंकर घातली, तेव्हा ती राखेसारखी सरकली.

काका पायरीवर बसले होते. "पीठ शिजवायचा कंटाळा आला रे," ते म्हणाले. "बिस्किट ठेवलं. चहात भिजवून, मऊ करून. वाईट काही केलं नाही मी."

"खाल्लं त्यांनी?"

"आधी खाईनात. नुसते बसून राहिले. मग मीच एक तोंडात टाकलं, तिच्यासारखं. मग खाल्लं. सगळं संपवलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं केली. पंगतीत आपण वाढप्याकडे बघतो ना, तसं." ते थांबले. "मी म्हटलं, संपलं बाबांनो. आणि वर जाऊन झोपलो."

पुढचं मला कळलं. त्यांना गव्हाची चव मिळाली होती, तीही त्या ताटलीतून. तसाच वास घराच्या प्रत्येक कोपऱ्यातून येत होता: मावशीच्या जुन्या खळीचा, आणि त्या खळीत मोरचूद होतं. इतकी वर्षं त्या खळीपासून कसर चार हात लांब राहिली होती. पण आता तिला वाढलेल्या अन्नावर विश्वास ठेवायची सवय लागली होती. पोट दुखायला लागल्यावर ती परत ताटलीजवळ आली असणार. दुसरी कुठली जागा तिला ओळखीची नव्हती.

मावशी संध्याकाळी परतली. आम्ही काही हलवलं नव्हतं, आमची हिंमत झाली नाही. तिने पिशवी ठेवली, खाली बसली, बांधणीचा मऊ ब्रश घेतला आणि त्या सगळ्यांना एका कोऱ्या कागदावर गोळा केलं. कागदाच्या घड्या घातल्या.

"मोरचूद माझ्याच हातचं," ती म्हणाली.

"बिस्किट माझ्या," काका म्हणाले.

"त्यांना काय माहीत. इथलं खाल्लं की काही होत नाही, हे मीच शिकवलं ना."

यावर काकांनी मत दिलं नाही.

दमट दिवस संपल्यावर ग्रंथपाल आले. त्यांच्या कोठारात कसरीने दोन कपाटांची चाळण केली होती. त्यांनी मावशीच्या गठ्ठ्यातलं एकेक पुस्तक उजेडात धरून पाहिलं. एक भोक नव्हतं. "सगळं काम तुमचं," ते म्हणाले. मग एक पुस्तक पुन्हा उघडलं आणि नाकाजवळ नेलं. "यात घातलंय तरी काय? पुस्तक उघडलं की भूक लागते."

मावशी नुसती हसली. पाट राहिला, हात बरे झाले, शरीरही राहिलं. आंधळा मागतो एक डोळा, म्हणतात ना, तसं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असता, पण ताटली अजून तिथेच होती.

ती रोज वाढते. घरात आता एक किडा नाही. मुंगी नाही, माशी नाही. मी कपाटं ओढून, फळ्या उचलून पाहिलं. आणि सकाळी ताटली पुसल्यासारखी स्वच्छ असते. मला काकांचा संशय आला, काकांना माझा. मग मी तिथे नसतानाही ती स्वच्छ असते असं काकांनी सांगितलं, आणि मी एका सुट्टीत काकांवर नजर ठेवली. ते रात्रभर घोरत होते. विषय तिथेच संपला, म्हणजे आम्ही तो काढायचा बंद केला.

परवा गेलो होतो. आता तिघेही खालीच जेवतो, काकाही. त्यांनी गहू सोडलाय; का, हे विचारायची सोय नाही. मावशीने ताटली कोपऱ्यात ठेवली, पहिला घास घेतला. भिंतीतून पानं चाळल्यासारखी सळसळ सुरू झाली. काका ताटात मान घालून जेवत होते. मी कोपऱ्याकडे बघायचं टाळत होतो. मावशी घास हातात धरून थांबली. सळसळ थांबली.

"आज मीठ कमी पडलंय म्हणतात," ती म्हणाली.

पडलं होतं. मी पाहुणा म्हणून बोललो नव्हतो.

काकांनी कोण म्हणतात ते विचारलं नाही. ते उठले, वर गेले, मिठाची बरणी घेऊन आले. आधी कोपऱ्यात वाकून ताटलीत चिमूटभर घातलं, मग मला वाढलं.