श्लोकातली बाई

शुक्रवार पेठेत माझ्याबरोबर एका खोलीत राहून शिकणारा तो शेतकऱ्याचा मुलगा जुने संस्कृत श्लोक वाचायचा, ते भांडायला बसल्यासारखा. कवीने कुणाच्या मुखाला चंद्र म्हटले की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "अरं, चंद्राला डाग हाय की!" श्लोकातला हत्ती चिखलात रुतला की हळहळायचा, "दोर न्हवता व्हय कुणाकडं?" मी आपला अर्थ पाठ करत असायचो, पण हसू आवरायचे नाही.

परीक्षेआधीच्या शनिवारी एक श्लोक निघाला. नवरा परगावी गेलाय आणि बायको संध्याकाळची दारात उभी राहून वाट बघतेय, एवढाच. तो वाचून स्वारीने पुस्तक मिटले. त्याची बायको गावी त्याच्या आईपाशी असायची. त्याने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवले, टोपी घातली आणि चालता झाला.

"अरे, सोमवारी पेपर आहे!" मी ओरडलो. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

सोमवारी घंटा होता होता तो धापा टाकत वर्गात शिरला. पाय धुळीने भरलेले, खिसा शेंगांनी फुगलेला. बाकावर बसता बसता माझ्या कानाशी वाकला.

"कवी खोटं बोलत न्हाय, गड्या. दारातच हुती की!"