सहानंतरचा चौथा मजला

शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात एसी कधी चालू, कधी बंद, हे मी ठरवतो. चेन्नईत संध्याकाळी सहापासून वीज महाग पडते. म्हणून इमारत दुपारीच जरा जास्त गार करून ठेवायची आणि पावणेसहाला यंत्रं बंद करायची. साठलेल्या गारव्यावर लोक घरी जाईपर्यंत निभावतं. हे वेळापत्रक बसवलं तेव्हा बिल उतरलं, साहेबांनी पाठ थोपटली आणि मी महिनाभर कॉलर ताठ करून फिरलो.

चौथ्या मजल्यावर एका कोपऱ्यातल्या एसीची सहानंतरही थोडी वीज जळते, असं आलेखात दिसत होतं. तीही मी छाटली. ती अक्कांची होती, हे मला कळायला हवं होतं. रोज सहानंतर तिथे त्यांच्यासमोर मीच तर बसायचो!

अक्का हिशेब खात्यातल्या, तंजावरी मराठी घरातल्या. तांबरमच्या बसची गर्दी ओसरेपर्यंत थांबायच्या. डब्यात माझ्यासाठी उडदाच्या पिठाचं डांगर राखून ठेवायच्या, आणि आपल्या जुन्या, तमिळ हेलाच्या मराठीत माझ्या सांगलीकडच्या बोलण्याची टर उडवायच्या. त्यांच्या घरी सगळे तमिळ बोलत; माझ्या खोलीवर तर भिंतीच. दिवसभरातली आम्हा दोघांची मराठी ती तेवढीच.

नव्या वेळापत्रकाच्या गडबडीत पहिला आठवडा मी तळघरातल्या यंत्रांपाशीच होतो. नंतर वर गेलो तर खुर्ची रिकामी. अक्का सहाच्या बसने उभ्याने जाऊ लागल्या होत्या. मला वाटलं, कंटाळल्या मला. मग मीही ताठलो, विचारलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी शेवटी विचारलं, "अक्का, थांबणं का सोडलंत?"

"तूच एसी बंद केलास की रे," त्या म्हणाल्या. "मज वाटलें, तुज आमचें बोलणें पुरे झालें. सरि, बरें, म्हणून उठलें."

निरोपाच्या केकसमोर मला रडू आवरेना.

पुढे त्यांच्या मुलाची बदली कोइम्बतूरला झाली, अक्काही गेल्या. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, "जेवलास नां?" एवढं विचारून ठेवून देतात. मला त्यांची फार आठवण येते.

गेल्या महिन्यापासून चौथ्या मजल्याचा तो एक कोपरा मी सातपर्यंत चालू ठेवलाय. साहेबांनी बैठकीत आलेखावर बोट ठेवलं. "तिथे सहानंतर कोण बसतं?"

"मी," म्हटलं.