वाटा दिल्यानंतर

शेवंताचा फोन आला तेव्हा मी उमरखेडच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतो. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "मास्तरजी, बा गेला." कधी, असं मी विचारलं. "आत्ताच. चहा मांगतला त्यानं… म्या आनेपर्यंत…" मी जुडी परत ठेवली आणि ढाणकीच्या एसटीत जाऊन बसलो. अशा वेळी माणसं रडतात म्हणतात. मला राग आला. गेलेल्या थावराचा राग, त्याच्या पोरांचा राग, आणि सुटायची वेळ होऊनही टपरीवर गप्पा मारत उभ्या असलेल्या त्या ड्रायव्हरचाही राग. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग जरा खाली बसलाय, गेलेला नाही. म्हणून लिहायला बसलो.

थावरा म्हणजे आमच्या गावाशेजारच्या तांड्यातला माझा दोस्त. नाला ओलांडला की तांडा. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूख पालथा घालायचे; त्याच्या आजानं इथं बैल सोडले ते कायमचे, आणि मुरमाड माळ फोडून वावर केलं. मी गावातल्या बौद्ध वस्तीतला. शिकलो, मास्तर झालो आणि सरकारच्या कृपेनं माझी नेमणूक झाली ती थेट त्याच्याच तांड्यावरच्या शाळेत. आमचं वय जवळपास एकच, आणि भांडायची हौसही सारखीच. शाळा सुटली की तो ओट्यावर येऊन बसायचा, तंबाखू मळायचा आणि विचारायचा, "मास्तर, आज पोराईले काय खोटं शिकवलं?" मी चिडायचो. त्याला तेवढंच हवं असायचं.

तांड्यात त्याला मान होता तो वाट्यांमुळे. नायकपण दुसऱ्याकडं होतं, पण वर्गणी काढून बकरा आणला की वाटे घालायला हाक जायची ती थावरालाच. पळसाची पानं ओळीनं मांडायची, घरं तितकी पानं. प्रत्येक पानावर मांडीचा तुकडा, बरगडीचा तुकडा, कलेजीची फोड, चरबीचा एवढासा गोळा. मग तो उकिडवा बसून एका पानावरचा तुकडा दुसऱ्यावर ठेवायचा, मान वाकडी करून बघायचा, परत उचलायचा. भोवती सगळ्यांचा गलका, याचं लक्षच नाही. मन भरलं की एकाला पानांकडं पाठ करून बसवायचं. थावरा एका वाट्यावर काडी टेकवून विचारायचा, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस तोंडाला येईल त्या घराचं नाव घ्यायचा. तो वाटा त्या घराचा, संपलं. शेवटी उरेल ते पान थावराचं. लबाडीला जागाच नव्हती. वाटे घालणाऱ्याला कुठलं पान कुणाकडं जाणार ते ठाऊक नसायचं, आणि नाव घेणाऱ्याला पान दिसत नसायचं.

या वाट्यांवरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. तांड्याच्या टोकाला एक एकटी म्हातारी राहायची, तिची वर्गणी कधीच नसायची, पण तिचं पान मात्र ओळीत असायचं. मी मुद्दाम खोड काढली, "जिनं काही दिलं नाही तिला वाटा कायले?" तो म्हणाला, "तिले पोट नाही का?" मी त्याला बरोबर कोंडीत पकडलं. म्हटलं, पोटच बघायचं तर आठ माणसांच्या घराला आणि दोन माणसांच्या घराला वाटा सारखा कसा? तो उठून निघून गेला. काही दिवसांनी भर वर्गात दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, इचार केला म्या. ज्याचे पोटं जास्त त्याले जास्त द्याव, बरोबर हाये. पन मंग मोजनारा एक बसवा लागन. अन् मोजनारा बसला का तो आपल्याच घराचे पोटं पयले मोजते." पोरं खिदळली. मलाही हसू आलं, पण मी खडू आपटून दाखवला.

त्याचा आणखी एक कायदा होता. एकदा एका गड्यानं आपला वाटा घरी न नेता परस्पर दारूच्या गुत्त्यावर देऊन टाकला. त्याची बायको थावराच्या अंगणात येऊन भांडली, की तुम्ही त्याला काही म्हणत काहून नाही? थावरा म्हणाला, "बाई, वाटा हातात गेला का तो ज्याचा त्याचा. म्या त्यात हात घालत नाही. आज तुह्यासाठी घातला तं उद्या माह्या मर्जीनं कोनाच्याही वाट्यात घालीन." मला ते तेव्हा फार पटलं होतं. न्याय करणाऱ्यानं असंच असावं, असं मी चारचौघांत सांगतही असे.

थावराला मोठा प्रकाश, मधली शेवंता आणि एक धाकटा. बायको लवकर गेली. वावरात विहीर खोदली त्या वर्षी प्रकाश आश्रमशाळेत होता, धाकटा अंगणात खेळत होता, आणि मुरमाच्या टोपल्या दोरानं वर ओढत होती ती शेवंता. तिची शाळा त्याच वर्षी सुटली. माझ्या वर्गातली ती हुशार पोरगी, मी दोन-तीनदा बोलवायला गेलो, तेव्हा तिनं नुसते सोललेले तळहात पुढं केले. पुढं तिचं लग्न होऊन ती ढाणकीला गेली. नवरा शिवणकाम करतो, सरळ माणूस आहे.

पोरं कर्ती झाली आणि वाटणीचा विषय निघाला. आमच्याकडं बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं तिला लुगडं करायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याला प्रेम म्हणायचं, अशी रीत आहे. तांड्यात हेच, गावात हेच, आणि आमच्या वस्तीत समतेच्या भाषणाला कडकडून टाळ्या देणाऱ्यांच्या घरातही हेच. थावरानं ठरवलं, वाटे तीन होतील. आणि ते कसे घालावेत याची त्याला एकच तऱ्हा येत होती. तो महिनाभर वावरात फिरला. नाल्याकाठची काळी माती आणि वरचा मुरूम दोन्ही प्रत्येकाला मिळावं म्हणून त्यानं वरपासून खालपर्यंत लांब पट्टे आखले. विहीर तेवढी कापता येईना. ती ज्याच्या पट्ट्यात येईल त्यानं इतरांना पाणी द्यायचं, असं त्यानं जाहीर केलं. मग तांड्यातल्या चार माणसांसमोर एकाला धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पाठ करून बसवलं आणि पहिल्या पट्ट्यात उभं राहून ओरडला, "हा कोनाचा?"

विहिरीचा पट्टा शेवंताला आला.

प्रकाश तिथंच उखडला. "बा, वावर हाये हे, मटन नोहे! मोटर म्या बसवली, पाईप म्या टाकला, अन् हिर जावयाच्या घरी?" त्याचं म्हणणं अगदीच वावगं होतं असं मी म्हणणार नाही. शहरात राबून आणलेली कमाई त्यानं त्या विहिरीत घातली होती. पण शेवंताचे तळहातही त्याच विहिरीत गेले होते, त्याचं नाव कुणी काढलं नाही. थावरा एवढंच म्हणाला, "नाव निंगालं. आता बदल नाही." दोघं भाऊ निघून गेले. त्या दिवाळीला शेवंताला न्यायला कुणी आलं नाही. भाऊबीजेला ती ताट करून बसली आणि संध्याकाळी ताट उचलून ठेवलं, हे तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं.

वाटणी तोंडी झाली होती, कागद व्हायचा होता. त्याच्या आधीच शेवंतानं निरोप धाडला की मी हक्क सोडते, मला भाऊ पाहिजेत. उमरखेडच्या कचेरीत सह्या होत्या त्या दिवशी थावरानं मला बोलावून घेतलं. आत टेबलापाशी शेवंता, दोन्ही बाजूंना भाऊ. दारात आम्ही दोघं. मी त्याच्या दंडाला धरून म्हटलं, "अरे, अडव तिला. तुझ्या एका शब्दानं ती थांबेल." तो म्हणाला, "वाटा तिचा झाला, मास्तर. ठेवाव का सोडाव, तिची मर्जी. म्या कोन?" शेवंतानं पेन हातात घेतलं आणि एकदा दाराकडं पाहिलं. थावरा खाली वाकून चपलेतला खडा काढत होता… तिनं सही केली.

त्या वर्षी प्रकाश लुगडं घेऊन ढाणकीला गेला. पुढच्या वर्षी कुणी गेलं नाही. थावरानं वाटे घालणं सोडून दिलं. हाक आली की गुडघा दुखतो म्हणायचा. आता तांड्यात दुकानातला तराजू आणतात आणि पूर्वीपेक्षा जास्त भांडतात. शाळेच्या ओट्यावर तो येत राहिला, पण माझ्याशी भांडेना. मी मुद्दाम खोड्या काढून पाहिल्या, काही उपयोग झाला नाही. भांडणारा दोस्त गप्प झाला की घरातलं माणूस रुसल्यासारखं होतं, तसं माझं झालं. मग त्याला लकवा मारला. काही महिने पोरांनी आळीपाळीनं ठेवलं. एके दिवशी शेवंता रिक्षा घेऊन आली आणि त्याला ढाणकीला घेऊन गेली; पुढची काही वर्षं तो तिच्याकडंच होता. कुणी अडवलं नाही. जमीन दोघांना, बाप तिला. ही वाटणी पाठ करून कुणी केली नव्हती, सगळे उघड्या डोळ्यांनी बघत होते.

मयत तांड्यावर नेली. पोरांनी सगळं रीतीनं केलं, खर्चाला मागं हटली नाहीत. प्रकाश माझ्या गळ्यात पडून रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मला त्याचाही रागच आला.

परवा ढाणकीला जाऊन आलो. शिवणाच्या दुकानामागं पत्र्याची एक खोली आहे, तिथं थावराची खाट. उशाला पाण्याचा तांब्या, भिंतीला टेकवलेली काठी. शेवंतानं चहा दिला, समोर बसली आणि पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "मास्तरजी, तुमी होते तठी. म्या सही करत होती तवा बा काहून नाही बोलला? एक डाव म्हनला असता, नको करू शेवंता… म्या पेन फेकून देल्लं असतं. इतके वर्स त्याचं सारं केलं, पन मले इचारता नाही आलं."

मी तिला खरं ते सांगितलं. एकदा दिलेल्या वाट्यात हात घालायचा नाही हा त्याचा कायदा, तो कुणासाठीच मोडला नाही, तुझ्यासाठीही नाही. तुझा वाटा पूर्णपणे तुझा मानला म्हणून तो गप्प राहिला. सांगताना माझाच आवाज मास्तरकीचा वाटायला लागला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग खाटेकडं बघत म्हणाली, "वाटेकरी तं भाऊ होते, मास्तरजी. म्या पोरगी होती त्याची."

थावरा असता तर चार दिवस विचार करून, उत्तर घेऊन कुठल्या तरी दारात येऊन उभा राहिला असता. ती उठली, तांब्यातलं शिळं पाणी बाहेर तुळशीला ओतलं, तांब्या घासला, भरला आणि पुन्हा त्याच्या उशाशी आणून ठेवला…