नाशिकची ऋतुजा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदालाही नाही — आणि माझी बायको अशी आहे की मी येताना वाटेत वडापाव खाल्ला तरी तिला चेहऱ्यावरून कळतं. हे मात्र कळलं नाही. मी चेहरा चांगला लपवला, की मी असं काही करेन हे तिच्या मनातच आलं नाही? दुसरं खरं असेल तर ते जास्त वाईट आहे.

सांगायला बसलो की मी दरवेळी भलतीकडे वळतो. आजही वळेन. वळलो तरी परत येईन, एवढं मात्र ठरवून बसलोय.

मी ड्राफ्ट्समन. पनवेलला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणून इमारतींचे नकाशे काढण्यात उमेदीची वर्षं गेली. विचुंब्यातल्या कितीतरी जिन्यांवर तिथली माणसं चढायच्या आधी मी शाईने चढलोय. मग कॉम्प्युटर आले. आमचे बोर्ड आधी पॅसेजमध्ये उभे राहिले, नंतर भंगारवाल्याच्या टेम्पोत आडवे झाले. मी माउस धरायला शिकलो, टिकलो. शेजारच्या बोर्डावरचा गायकर नाही शिकला. हात त्याचा माझ्यापेक्षा सरस. तो पळस्प्याला मेव्हण्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसला. तिकडून जाताना थांबलो की चहा पाजायचा आणि म्हणायचा, "आदी रेगा मारायचो, आता बिलं फाडतो. हात तोच हाय."

हे कारण म्हणून सांगत नाही. — पण बघा, सांगितलंच.

केतकी आमची एकुलती एक. ती नववीत गेली तेव्हा घरी कॉम्प्युटर आणला, हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडला. पासवर्ड आपल्याला माहीत हवा, असं सुनंदाचं म्हणणं. केतकीने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पासवर्ड तुझा तूच ठेव, तुझं काही मी वाचणार नाही — शब्द. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. ऑफिसातही दोघातिघांना ऐकवलं, आमच्याकडे असं असतं म्हणून.

तो शब्द मी पाळला. तिच्या कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही. हे मी आजही शपथेवर सांगू शकतो — आणि किळस येते ती याचीच.

तेव्हा सगळी पोरं एका साइटवर असायची. ती आता बंद पडली. एकमेकांच्या पानावर लिहायचं, इंग्रजी अक्षरांत मराठी. अनोळखी लोकही मैत्री मागायचे. पेपरात फसवलेल्या मुलींच्या बातम्या येत, आणि सुनंदा त्या मोठ्याने वाचून दाखवायची. एकदा म्हणाली, "शब्द तुम्ही दिलात, मी नाही दिला. बघा तरी, खिदळत काय टाइप करत असते ती." मी म्हणालो, विश्वास ठेवायला शीक. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता नजीरभाईंच्या सायबर कॅफेत गेलो.

नजीरभाई आखातातून परतलेले, ऑफिसच्याच गल्लीत त्यांनी कॅफे टाकलेलं. प्लायवूडच्या कॅबिन, दाराला पडदे. मी आतल्या कॅबिनमध्ये बसलो आणि एक मुलगी तयार केली. ऋतुजा वैद्य, केतकीसारखीच दहावीत, नाशिक. नाशिक का? माझं आयटीआय तिथे मामाकडे राहून झालेलं, कुणी काही विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून. फोटोच्या जागी मांजर लावलं.

मी स्वतःला सांगितलं, ही फक्त परीक्षा आहे. अनोळखी मुलीने मैत्री मागितली तर केतकी हो म्हणते का, एवढंच बघायचं.

ती नाही म्हणाली.

तुम्हाला वाटेल, बापाला हायसं वाटलं असेल. वाटलंही — दुपार संपेपर्यंत. मग डोक्यात आलं, नुसतं मागितलं म्हणून नाही म्हणाली. तिच्या आवडीचं काही बोललो तर? केतकी चित्रं काढायची. शाळेच्या वह्या, दुधाच्या हिशेबाचं कार्ड, कॅलेंडरचं मागचं पान — मोकळं काही सुटत नसे. मी लिहिलं, मलाही शाईने चित्रं काढायला आवडतं, पण माझी शाई फार पसरते. परीक्षा अशी असते का? दार उघडेना म्हणून मी तिच्या घराची किल्ली वापरली, जी फक्त घरातल्या माणसाकडे असते.

या वेळी ती हो म्हणाली.

नंतर जे सुरू झालं ते जवळजवळ वर्षभर चाललं. मी जेवणाच्या सुट्टीत लिहायचो, ती शाळेतून आल्यावर उत्तर द्यायची. नजीरभाईंना वाटलं, साहेबांचं काही प्रकरण आहे. "काय साहेब, या उमरीत?" एकदा हळूच म्हणाले. "घाबरू नका. आपन कोनाला बोलनार नाय." मी हसलो. तो समज मी तसाच राहू दिला, कारण खरं त्याहून वाईट होतं.

ती काय सांगायची? वर्गातली कोण बोलत नाही, कुठल्या सरांची भीती वाटते. आईबाबा भांडले की ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसते. हे मला घरात राहून माहीत नव्हतं. त्यानंतर भांडणात मी आवाज खाली ठेवू लागलो, आणि सुनंदाला वाटलं मी सुधारलो. मी मनाशी म्हणायचो, मी वाचतोय कुठे? ती स्वतःच सांगते आहे.

एकदा पकडलाच गेलो असतो. शाईची रेघ चुकली, चित्र वाया गेलं, असं तिने लिहिलं. मी सवयीने लिहून गेलो — ब्लेडने हलकेच खरवड, मग नखाच्या पाठीने घासून तिथला कागद गुळगुळीत कर, म्हणजे वर पुन्हा शाई मारली तर पसरणार नाही. पाठवलं, आणि मग लक्षात आलं. हे दहावीतल्या मुलीला कुठून माहीत असणार? ही आमची, बोर्डावरच्या लोकांची युक्ती. केतकीने लहानपणी माझ्या शेजारी उभं राहून ती शेकडो वेळा बघितली होती.

त्या संध्याकाळी घरी जाताना जिन्यात मी दोनदा थांबलो. ती दार उघडेल आणि माझ्याकडे बघेल, बस. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "बाबा, आज उशीर?" आणि आत गेली. मी जेवलो काय, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी कॅफेत उत्तर वाट बघत होतं. अगं, हे तर माझे बाबा करतात, तुला कुणी शिकवलं? मी लिहिलं, माझा मामा ड्राफ्ट्समन आहे. त्यावर ती म्हणाली, म्हणजे तुझ्या घरातही एक माझे बाबा आहेत. त्या दिवसापासून ती ऋतुजापासून काही म्हणजे काहीच लपवेनाशी झाली.

आता येतो. हेर होतो, खोटी मुलगी झालो — इथवरचं मी कधीतरी सांगूनही टाकलं असतं, म्हातारपणी, हसतहसत. इथेच थांबलो असतो तर.

दहावीचा निकाल लागला. चांगले मार्क पडले. केतकीला सायन्स नको होतं; चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. तिने निवडक चित्रं काढून ठेवली आणि माझ्याकडे दिली — बाबा, ऑफिसात स्कॅन करून आणा ना. मी केली. एकेक कागद काचेवर ठेवताना नीट बघितला. कर्नाळ्याचा सुळका होता. तलावाच्या पायरीवर बसलेला म्हातारा, ज्याच्या गुडघ्यावरून त्याचं वय कळत होतं. सुनंदाचे भाजी निवडणारे हात. मी आयुष्यभर रेघा मारल्या आहेत, मला रेघ कळते. त्या रेघांमध्ये घाई नव्हती, भीती नव्हती. जे सांगायचं तेवढंच सांगून रेघ थांबत होती. मला ते कधी जमलं नाही, गायकरलाही नाही.

मी घरी येऊन म्हणालो, छान आहेत. खरंच छान आहेत. आणि पुढे — पण सायन्सचं काय ते बघ.

दोन दिवसांनी मीच स्कॅन केलेली ती चित्रं ऋतुजाकडे आली. सोबत लिहिलं होतं — बाबा छान म्हणतात, पण बाबा म्हणणारच. तू खरं सांग. तू म्हणशील ते मी करेन.

कॅबिनमध्ये पंखा नव्हता. शेजारी कुणी पोरं गेम खेळत होती, गोळ्या सुटल्याचे आवाज येत होते. मी एकदा लिहिलं आणि खोडलं. मग पुन्हा लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा गायकर होता का? होता. भंगारवाल्याचा टेम्पो होता का? होता. पण बोटं माझीच होती. मी लिहिलं —

हात स्वच्छ आहे गं तुझा. पण चित्रांत जीव नाही. छंद म्हणून ठेव.

बाप म्हणून सांगितलं असतं तर ती भांडली असती. पाय आपटले असते, दोन दिवस जेवली नसती, आणि बहुतेक जिंकली असती. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच बाप म्हणून नाही सांगितलं. जिच्याशी तिला भांडायचंच नव्हतं, तिच्या तोंडून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी लवकर घरी गेलो. केतकी ताटं घेत होती. पाणी वाढलं, पापड भाजले. चेहऱ्यावर काही नाही. सुनंदाने कोशिंबिरीत मीठ कमी का विचारलं, तर उठून मीठ आणलं. आमटी वाढताना मला म्हणाली, "बाबा, सायन्सचा फॉर्म आणा उद्या."

सुनंदाने माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं, जसं मी लढाई जिंकून आलो होतो. तिच्या लेखी माझ्या विश्वासाचं ते फळ होतं. तसं ती नंतर तिच्या बहिणीला म्हणालीही. मी आमटीभात कालवला आणि खाल्ला.

केतकीचं शेवटचं उत्तर असं होतं — थँक्स ऋतु, वाईट वाटलं, पण तू एकटीच खरं बोललीस. मी उत्तर दिलं नाही. ऋतुजाचं पान काढून टाकलं, बाहेर आलो, आणि नजीरभाई म्हणाले, "संपलं वाटतं, साहेब?" मी मान हलवली.

पण केतकीसाठी कुठे संपलं होतं? तिची एक मैत्रीण एका दिवसात नाहीशी झाली होती. आपलं काय चुकलं हे तिला कळेना. दिवाळीनंतर नाशिकला माझ्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा तिने हट्ट धरला, बाबा, ऋतुजाची शाळा शोधू या. शाळेचं नाव मी ऋतुजाला कधी सांगू दिलं नव्हतं. पण फाटकासमोर भेळेची गाडी आहे, मागे चिंच आहे, असं आठवणीतून लिहून बसलो होतो. माझ्या मामाच्या घराजवळची शाळा. केतकीने चिंच लांबूनच ओळखली. "बाबा, हीच. ही बघा गाडी."

मी तिच्यासोबत फाटकाशी उभा राहिलो, आणि मीच बनवलेल्या मुलीची शिपायाकडे चौकशी केली. ऐकताय ना? तोंड माझं होतं. "ऋतुजा वैद्य म्हणून कोणी होती का हो दहावीला?" तो म्हणाला, "दहावीची पोरं दाखले घेऊन गेली, साहेब. आता कुठं सापडायची?" केतकीने पिशवीतून एक चित्र काढलं — एक मुलगी आणि तिच्या मांडीवर मांजर, मुलीचा चेहरा कोराच ठेवलेला — आणि ती कधी आली तर द्या म्हणून त्याला दिलं. त्याने ते घडी करून खिशात घातलं. मी बघत राहिलो. त्यानंतर तिने चित्र काढलेलं मी पाहिलेलं नाही.

केतकी आज तळोज्याला एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. उलव्याला घर घेतलंय, जावई चांगला आहे. ती दुःखी वगैरे नाही. ती दुःखी असती तर मी लवकर बोललो असतो, असं म्हणायचा मोह होतो — पण तेही खरं नसेल.

गेल्या रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे होतो. खिडकीबाहेर क्रेन आणि सळया, सगळीकडे बांधकाम. नात ओवी, बालवाडीतली. तिने क्रेन काढली होती. लांब मानेची, आणि मानेच्या टोकाला लोंबकळणारं काहीतरी, ते म्हणे आजोबा. मी म्हणालो, वा, छानच. आणि छानच होतं ते. केतकी कणीक मळता मळता म्हणाली, "आजोबांचं नको ऐकूस हं ओवी. त्यांना सगळंच छान वाटतं." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "बाबा, माझी एक मैत्रीण होती, आठवते? नाशिकची. अख्ख्या जगात ती एकच मला खरं बोलली." हात पुसून तिने ओवीचा कागद उचलला, जरा लांब धरून बघितला, आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "हात स्वच्छ आहे गं तुझा. पण जीव नाही यात अजून."

ओवीने कागद परत घेतला आणि उलटा करून ठेवला.

सुनंदा भाजी निवडत होती. कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बारीक केला.

ते वाक्य माझं आहे. ऋतुजा मी होतो. चित्रं चांगली होती.