टाकव्याचा फॉरवर्ड आणि माझी पारख

आधी चहा संपवा, नाहीतर नाकातून येईल. माझीच फजिती सांगतोय, तेव्हा हसायला मोकळीक आहे!

आमच्या टाकव्याच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर मी. का? तर मला बैलातलं कळतं! शर्यतीचा खोंड लांबूनच ओळखतो, म्हणून पोरांनी धरून बसवलं. पण दोन वर्षं लागोपाठ बेगडेवाडीनं आम्हाला धुतलं. मग आमचे अध्यक्ष, हार्डवेअरवाले रज्जाकभाई, भर बैठकीत म्हणाले, "भाऊ, औंदा वर्गणी लय जमलीय. बाहेरनं एक तगडा फॉरवर्ड आना. पन हारलो तर मॅनेजर बदलायचा!"

झोप उडाली हो माझी! मॅनेजरला गावात केवढा मान! बायकोसुद्धा चारचौघींत 'आमचे मॅनेजर' म्हणायला लागली होती.

दोन दिवसांनी बेडशाला गेलो, तर काय दिसावं? सागर नावाचा एक तरणा गडी पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स खांद्यावर घेऊन लेण्यांच्या पायऱ्या पळत चढतोय! म्हटलं, सापडला!

त्याला थेट आमच्या घाटावर, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर आणला. पोटऱ्या चाचपल्या. तीनदा पळवला. गडी धापसुद्धा टाकेना! दात तेवढे बघायचे राहिले होते, ते तो हसला तेव्हा बघून घेतले.

मग त्याच्या मामाशी उपरण्याखाली बोटं दाबून सौदा केला, बैलबाजारात करतात तसा. सगळी वर्गणी त्या दोन पायांवर! नवा बॉल घ्यायलाही काही उरलं नाही.

सामन्याला अख्खं गाव लोटलं. शिट्टी झाली, सागरला पास मिळाला, आणि गडी जो सुटला! बेगडेवाडीचे मागे पडले, आमचे मागे पडले, आणि… बॉलही मागेच पडला! हा मैदानाची रेषा ओलांडून थेट कांद्याच्या वावरात.

"नवीन हाय, बुजला आसंल," मी रज्जाकभाईंना म्हणालो.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर कांदेवाला काठी घेऊनच उभा!

मध्यंतराला सागरला बाजूला घेतलं. "आरं, बॉल कुटं सोडून जातोस?"

"भाऊ, मी आजवर बॉलला पाय लावल्याला न्हाई."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी पळ म्हनला, मी पळालो. पायजे तर आनखी पळतो!"

रज्जाकभाई मागेच उभे. "म्हंजी भाऊ, फुटबॉलवाला आनताना तुमी त्याला बॉलच दावला न्हाई?"

घाटात कुणी बैलाला बॉल दाखवतं का?

पाच-शून्य हरलो. मैदानातच बैठक बसली. सागरला ठेवून घ्यायचं ठरलं, कारण वारा प्यायलेला गडी, बॉल मारायला शिकेलच की! पण मॅनेजर बदलायचा, याच्यावर गावाचं प्रथमच एकमत झालं. माझी बाजू कुणी घेईना! माझा सख्खा भाऊसुद्धा खाली बघत बुटाची नाडी बांधत बसला. लय वाईट वाटलं हो!

इतक्यात गर्दीतून एक जण हात जोडून पुढं आला. बेगडेवाडीचा कॅप्टन!

"रज्जाकभाई, पाया पडतो, पन ह्यान्ला काडू नका! फुडल्या सालीबी हेच मॅनेजर ऱ्हाऊ द्या. वर्गणी कमी पडली तर आमी देतो!"