वामनभाऊंच्या घरचा फुकट गारवा

वामनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पानठेल्यावर त्यांच्याच घराची गोष्ट फुगवून सांगत होतो... नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या छतावर ऊन इतकं साठतं, की अमावास्येलाही कावळे तिथं काळा चष्मा लावून बसतात! हशा पिकला, आणि फोन वाजला.

जन्मभर कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्रात राख खाल्लेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी छतावर सौर पॅनल बसवले, जिन्याखाली बॅटऱ्या मांडल्या आणि विजेचा मीटरच काढून टाकायला लावला. म्हणत, "सूर्य बिल पाठवते का गा?" त्यांचा डंका मात्र मी पिटला. वामनभाऊ उन्हावर इस्त्री करतात, उन्हावर दाढी करतात, उरलेलं ऊन शेजारणींना वाटीनं उसनं देतात... माझ्या थापा ऐकून लोक उन्हाळ्यात संध्याकाळी ते घर पाहायला येत. कुलर जोरात, सगळे दिवे लागलेले, टीव्ही सुरू. मी तर रोजचाच.

पुढे काही वर्षांनी एकदा ते हळूच म्हणाले, "बॅटऱ्या थकल्या गा. नव्या घेतल्या तर आपली वीज लाईनच्या विजेहून महाग पडते."

"मग मीटर परत घ्या ना, भाऊ!"

"तुह्या गोष्टी साऱ्या नागपूरनं आयकल्यावर? लोकं हासतीन ना!"

मी स्वतःच हसलो. वर म्हणालो, "कुलर वाढवा थोडा."

ते गेले भर मे महिन्यात. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. तेरवीनंतर वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, "दिवसभर पंखा लावू देत नव्हते, भाऊजी. संध्याकाळी कोनी आलं तर बॅटरी पुरली पायजे म्हनत. तुमी गेले का सारं बंद. मंग ओला पंचा पांघरून पडून राहत..." त्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. त्या गारव्यात मांडी ठोकून, त्यांच्याच खर्चानं मी त्यांच्याच गोष्टी रंगवत होतो.

आता मी सकाळीच जातो, ऊन चढायच्या आत, म्हणजे कुलरची गरजच पडू नये. तरी मी दारात दिसलो की वहिनी हातातलं काम टाकून बटणाकडे जातात.

"राहू द्या, वहिनी."

"असं कसं? त्यायनं तुमाले कधी गरमीत बसवलं का?"

कुलर घरघरतो. समोर त्यांची खुर्ची रिकामी.