भावाच्या गॅलरीसमोरचं घरटं

करंजाड्याच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट समोरासमोर आहेत. एक माझा, एक धाकट्या भावाचा. दोन्हींचा सौदा मी केला. बिल्डरच्या ऑफिसात दोन महिने खेटे घातले, दोनदा भांडून उठून आलो, तिसऱ्यांदा त्यानेच चहा मागवून मला बसवलं. भाऊ एकदाही बरोबर आला नाही. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी आई म्हणाली, "कोपऱ्याचा धाकल्याला दे. तू कुठंबी राहशील." मी दिला, पण विसरलो नाही.

त्याच्या गॅलरीसमोर गावठाणातलं आंब्याचं जुनं झाड आहे. माझ्या हॉलसमोर शेजारच्या इमारतीचे पाइप. आंब्याचा एक तुकडा मलाही दिसतो, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत मान वाकडी करून उभं राहावं लागतं.

या वर्षी होळीनंतर त्या आंब्यावर शिक्र्याच्या, ससाण्यासारख्या छोट्या शिकारी पक्ष्याच्या, जोडीने घरटं बांधायला घेतलं. नर कबुतराएवढा, लाल डोळ्यांचा. मादी थोडी मोठी, आणि तिच्या छातीवर अजून कोवळ्या वयाचे तपकिरी फराटे. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, यांचं पहिलंच वर्ष आहे. ते मला मास्तरांनी सांगायची गरज नव्हती. मी पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड विकतो, जोड कसा बसतो ते मला कळतं. काटकी काटकीत अडकवावी लागते. या दोघांनी नुसती ठेवली होती. आणलेल्यातली निम्मी खाली पडायची. नर पुन्हा तीच उचलून आणायचा आणि पुन्हा तशीच ठेवायचा.

मला ते बघत बसावंसं वाटायचं. पण बघायची सोय भावाकडे. सकाळी त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. मास्तर दुर्बीण घेऊन यायचे, चौथ्या मजल्यावरच्या बायका यायच्या. भावजय चहा करायची. ज्याला आयुष्यात घार आणि कावळा ओळखता आला नाही तो माझा भाऊ गॅलरीत उभा राहून सगळ्यांना समजावून सांगायचा, "आमची शिक्री आज अंड्यावरून दोनदाच उठली." आमची. मी कुलूप लावून त्या उघड्या दारासमोरून जायचो. आतून कुणी हाक मारली नाही. मीही चाल कमी केली नाही.

एका दुपारी भावजय पेढा घेऊन आली.

"भावोजी, पिल्लू झालं."

"कोणाला?"

"काय पण तुमी," ती हसली. "तीन अंडी व्हती, एकच फुटलं. पांढरं कापसासारखं हाय. पण आईला भरवायचं कळत नाय वो. बाप अख्खा सरडा आणून टाकतो आन् ती त्याच्याकडं बघत बसते. पहिलटकरीण हाय, शिकंल."

पेढा मी खाल्ला.

पुढच्या रविवारी मटण आणलं. धुता धुता डोक्यात आलं की मादीला भूक असणार, नर अख्खं आणून टाकतो, मग आपण देऊ. धंद्यात मी हेच करत आलो. समोरच्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायचं तर त्याच्यापेक्षा बरा माल पुढे मांडायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर मी चांगले बारीक तुकडे ठेवले. ती एकदा माझ्याकडे आली असती तर लोकांना माझ्या दारात चपला काढाव्या लागल्या असत्या. एवढंच मनात होतं. खोटं कशाला सांगू?

शिक्रा जिवंत शिकार सोडून दुसरं सहसा उचलत नाही, हे मला माहीत नव्हतं. कावळ्यांना सगळं चालतं. पाच मिनिटांत चार कावळे छज्ज्यावर आले. मादीने ते पाहिले आणि घरटं सोडून सरळ त्यांच्यावर आली. एखादी जुनी जाणती मादी पिल्लावरून हलली नसती. ही माझ्या खिडकीसमोर एकेका कावळ्याच्या मागे लागली होती. मी पहिल्यांदाच तिला इतक्या जवळून बघत होतो, तिचे पिवळे डोळे, पसरलेली शेपटी. मला आनंद झाला, तोही लिहून टाकतो. तेवढ्यात पाचवा कावळा घरट्याच्या काठावर उतरला, वाकला आणि काहीतरी पांढरं चोचीत धरून गावठाणाच्या कौलांकडे गेला.

भावाच्या गॅलरीतून भावजयीचा आवाज आला. मी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी त्याच्याकडे माणसं जमली, कुणी गेल्यावर जमतात तशी. दार उघडं होतं. आतलं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"अक्कलच नाही तिला," चौथ्या मजल्यावरची एक बाई म्हणाली. "एवढंसं पिल्लू टाकून कावळ्यांशी भांडायला गेली."

"अननुभवी," मास्तर म्हणाले. "दुसरं काय."

माझं डोकं तापलं. माझा दोष दुसऱ्याच्या माथी मारून मी कधी धंदा केला नाही. मी चपलांसकट आत गेलो.

"तिची चूक नाय. कावळे मी बोलावले. मटण मी ठेवलं व्हतं."

"कशाला?" भावाने विचारलं.

"माझ्याकडं यावी म्हणून."

मास्तरांनी दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत घातली. बायका एकेक करून निघाल्या. भाऊ शिव्या देईल, मीही देईन, अशा तयारीत मी उभा होतो.

"दादा, बघायचं व्हतं तर यायचं ना."

"बोलावलंस कधी?"

"तुला काय आमंत्रण द्यायचं? रोज वाटायचं, आज येशील. ती तुझी खुर्ची, कुणाला बसू दिली नाय."

गॅलरीत एक रिकामी खुर्ची होती.

तेवढ्यात नर सरडा घेऊन आला. मादीने तो घेतला, पायाखाली दाबला आणि नखाएवढे तुकडे तोडायला लागली. आता तिला नेमकं जमत होतं. एकेक तुकडा चोचीत धरून ती रिकाम्या घरट्यात वाकायची, थांबायची, पुन्हा वर बघायची.

भाऊ रडायला लागला, मोकळेपणी. ते त्यालाच जमतं. त्याचाही मला हेवा वाटला. डोळे न पुसताच त्याने सरकून कठड्याजवळ मला जागा करून दिली. मी खोलीतच उभा राहिलो.